ओला अंगठा आणि पावसात गेलेलं नेटवर्क

"काका, तुमचं सिम इथं चालणार नाही. मुंबईचं सर्कल वेगळं, रोमिंग लागेल." स्टेशनबाहेर पुलाच्या जिन्याखाली छत्री रोवून बसलेल्या सिमवाल्याने असं म्हटलं की फसवणुकीची सुरुवात झाली असं समजा. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. परवान्यांच्या हिशेबात मुंबई उरलेल्या महाराष्ट्रापासून वेगळं सर्कल, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या परवान्याचा वेगळा विभाग, आहेच. पण आता त्याचा भुर्दंड ग्राहकाला पडत नाही. हल्लीच्या नेहमीच्या अनलिमिटेड पॅकमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलंच असतं, आणि जुलै २०१५ पासून नंबर न बदलता दुसऱ्या सर्कलमध्ये पोर्टही करता येतं. साताऱ्याचं किंवा रत्नागिरीचं सिम कुर्ल्यात तसंच्या तसं चालतं. नेट आलं नाही तर सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' बंद आहे का बघा. पुष्कळदा घोडं तिथंच अडलेलं असतं.

पावसाळ्यात मुंबईत दुसरं सिम घ्यायचं एकच पटण्यासारखं कारण आहे, ते म्हणजे वेगळ्या कंपनीचं सिम जवळ असणं. एका कंपनीचा टॉवर बसला तरी दुसरीचा चालू असू शकतो. तेवढ्यासाठी घ्यायचं तर कंपनीच्या दुकानात बसून घ्या, छत्रीखाली उभं राहून नको. का, ते सांगतो.

जानेवारी २०२४ पासून झेरॉक्स आणि फोटो चिकटवून सिम देणं बंद झालं. आता विक्रेता त्याच्या ॲपमध्ये तुमचा फोटो काढतो आणि आधारच्या पडताळणीसाठी अंगठा घेतो. यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, वायरने त्याच्या फोनला जोडलेलं. तुम्ही अंगठा ठेवता. तो स्क्रीनकडे बघतो, चकचक करतो. "ओला आहे हो. पुसा जरा. परत ठेवा." तुम्ही शर्टाच्या आतल्या बाजूला अंगठा पुसून परत ठेवता. फोटोचंही तेच, "डोळे मिटले तुमचे, परत काढतो." पहिल्या खेपेला तुमचं सिम निघालेलं असतं. दुसऱ्या खेपेला तुमच्याच नावावर आणखी एक निघतं, आणि ते तुम्हाला कधीच दिसत नाही. ते विकलं जातं, फसवणुकीचे फोन करणाऱ्यांच्या हातात जातं आणि चौकशी मात्र तुमच्या पत्त्यावर येते.

पावसाळ्यात हे फार सोपं जातं, कारण ओला, सुरकुतलेला अंगठा खरोखरच अडतो. म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर न जाता स्क्रीन स्वतः बघा. ठसा जुळला नाही तर आधारकडून ३०० क्रमांकाची एरर येते. बायोमेट्रिक, म्हणजे आधारमधली ठशांची वगैरे ओळख, लॉक केलेलं असेल तर ३३०. एरर दाखवायला तयार नाही आणि अंगठा मात्र परत मागतोय, तर दुसरा अंगठा देऊच नका. पैसे गेले तरी चालतील, उठा.

त्याहून पक्का उपाय म्हणजे आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक कायम लॉक ठेवणं. काउंटरवर उभं राहिल्यावरच ते तात्पुरतं उघडायचं. काही मिनिटांनी ते आपोआप बंद होतं, पण दुसरं सिम काढायला तेवढी मिनिटं भरपूर होतात. एकदा अंगठा लागला की लगेच हाताने लॉक करा. संध्याकाळी घरी जाऊन तिथलीच 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' उघडा. मागच्या सहा महिन्यांतल्या जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात, वेळ आणि पडताळणीचा प्रकार यांसकट. टेलिकॉम कंपनीच्या नावाने काही मिनिटांच्या अंतराने दोन यशस्वी नोंदी असतील तर संशयाला जागा आहे. मग 'संचार साथी' ॲपमध्ये किंवा त्याच नावाच्या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, यादी येते. अनोळखी नंबरासमोर 'नॉट माय नंबर' निवडून तक्रार पाठवायची आणि आलेला संदर्भ क्रमांक जपून ठेवायचा. नवीन सिम यादीत लगेच दिसेलच असं नाही, आठवड्याने पुन्हा बघा.

उलट प्रकारही असतो. फोटो नाही, अंगठा नाही, "घाला आणि वापरा". हे सिम आधीच दुसऱ्याच्या नावावर चालू झालेलं असतं. ते कधीही बंद पडू शकतं, आणि त्यावर बँक किंवा व्हॉट्सॲप जोडलंत तर त्या खात्यांची चावी परक्याकडे राहते. परदेशातून आलेल्या भाच्यासाठी आपल्या नावावर सिम काढून देणंही टाळा. पासपोर्ट-व्हिसावर त्याला त्याच्या नावाने मिळतं.

आता सगळ्यात महागात पडणारा प्रकार, तुमचा नंबरच चोराच्या सिमवर नेण्याचा. मुंबईत जोराचा पाऊस झाला, हिंदमाताला पाणी भरलं, लोकल थांबल्या की फोनवरच्या दांड्या गेल्या तरी कुणाला काही वाटत नाही. "टॉवर गेला असेल," म्हणून माणूस फोन खिशात ठेवतो. चोराला नेमकं हेच हवं असतं. एरवी सिम बंद पडलं तर माणूस तासाभरात दुकान गाठतो. पावसात मात्र तो दोन-दोन दिवस वाट बघतो.

या चोरीची सुरुवात फोनने होते. "कंपनीतून बोलतोय. तुमच्या भागात पाणी भरलंय, साधं सिम बंद पडेल. ई-सिम करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे." मग तो एक मेसेज पाठवतो आणि तो कंपनीच्या नंबरवर जसाच्या तसा फॉरवर्ड करायला सांगतो. त्यात ३२ आकडी ईआयडी असतो. ई-सिम म्हणजे वेगळं कार्ड न घालता फोनमधल्याच चिपवर चालणारं सिम, आणि हा त्या चिपचा क्रमांक. तुमच्या फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर *#०६# दाबल्यावर तुमचा ईआयडी दिसतो. दोन्ही ताडून पाहा, मेसेजमधला क्रमांक चोराच्या फोनचा निघेल. तुम्ही आपल्या हाताने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये नेऊन बसवता. दुसरा मार्ग ई-मेलचा. चोराचा ई-मेल पत्ता तुमच्या नंबरवर नोंदवून घ्यायचा, म्हणजे ई-सिम चालू करायचा क्यूआर कोड थेट त्याच्याकडे जातो. सिम बदलण्याची विनंती आली की कंपनी जुन्या सिमवर कळवते आणि होकार मागते. तो मेसेज किंवा कॉल पावसाच्या धांदलीत नुसता बाजूला सारू नका. आपण काही मागितलेलं नसेल तर तिथंच स्पष्ट नकार द्या.

टॉवर गेलाय की सिम गेलंय, हे ओळखता येतं. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या पावसाने सिग्नलचं फारसं बिघडत नाही. बिघाड मागे होतो. टॉवरला टॉवर जोडणाऱ्या गच्चीवरच्या गोल अँटेना फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, आणि मोठ्या सरींत त्यांचा सिग्नल कमजोर पडतो. वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो आणि बॅटरी संपली की बसतो. तिसरं कारण गर्दीचं. लोकल थांबल्या की दादरच्या फलाटावर अडकलेला प्रत्येक माणूस एकाच वेळी घरी फोन लावत असतो. हे सगळं एकाच कंपनीच्या सगळ्या ग्राहकांना सारखं भोवतं, दांड्या येतात-जातात, दोन स्टेशनं पुढे गेलं की नेट परततं. सिम गेलं असेल तर दांड्या एका झटक्यात जातात, कुठेही गेलात तरी येत नाहीत, आणि शेजारच्याचा त्याच कंपनीचा फोन मात्र व्यवस्थित चालू असतो.

म्हणून नेटवर्क गेलं की आधी अर्धा मिनिट फ्लाइट मोड लावून काढा. मग त्याच कंपनीचं सिम असलेला माणूस शोधा. त्याचं चालू असेल तर त्याच्या फोनवरून आपल्याच नंबरवर कॉल करा. 'बंद आहे किंवा कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे' ऐकू आलं तर सिम किंवा फोन बिघडलेला असू शकतो, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. पण हातातल्या फोनवर नेटवर्क नाही आणि पलीकडे रिंग जातेय, तर नंबर दुसरीकडे वाजतोय. कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असेल तर अशी रिंग जाऊ शकते, तेवढं एक आठवून पाहा. वाय-फाय कॉलिंग आधीपासून चालू ठेवलंत तर टॉवर बसल्यावरही घरच्या ब्रॉडबँडवरून कॉल लागतात, आणि मग निदानही सोपं होतं.

सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. हा नियम तुमच्याच सोयीचा आहे, चोराला तेवढा वेळ एसएमएसने ओटीपी मिळत नाही. मात्र कॉलवर येणारा ओटीपी त्याला मिळतो, व्हॉट्सॲप अशानेच जातं. तेव्हा व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन, म्हणजे नव्या फोनवर चालू करताना ओटीपीशिवाय लागणारा आपला पिन, आजच लावा.

रिचार्जमध्येही गंडवतात. २८ दिवसांच्या पॅकचे पैसे घेऊन नुसतं डेटा व्हाउचर मारतात. कंपनीचा एसएमएस येऊन त्यातली वैधता वाचल्याशिवाय काउंटर सोडू नका. 'पूरग्रस्तांना तीन महिने मोफत रिचार्ज' असली लिंक किंवा एपीके फाइल (फोनमध्ये परस्पर ॲप बसवणारी) उघडायची नाही, मग ती सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलेली का असेना. स्टेशनवरच्या मोफत वाय-फायला नंबर आणि ओटीपी पुरतो. कार्डाचा तपशील किंवा यूपीआय पिन मागणारं नेटवर्क बनावट समजा.

पैसे गेलेच तर दुसऱ्याच्या फोनवरून लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, कॉल करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून घेऊनच बोला. मग बँकेला कळवा, आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात सिम परत काढा. हे सिमही 'बदललेलं' असल्याने तुमचेच बँकेचे ओटीपी पुढचे २४ तास येणार नाहीत. लोकलचं तिकीट, रिक्षा आणि दोन वेळच्या जेवणापुरती रोकड तेवढा एक दिवस खिशात असू द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.