फळमाशीचा कामगंध सापळा: तीन पावसाळे वापरल्यानंतर

वेंगुर्ले तालुक्यात आमच्या घरामागे सुमारे ६ गुंठ्यांचे परस आहे. त्यात हापूस आंब्याची दोन कलमे, रत्ना आंब्याचे एक, तीन पेरू, एक चिकू आणि कडेने माड आहेत. पावसाळ्यात विहिरीजवळच्या मांडवावर पडवळ, शिराळी (दोडकी) आणि कारली चढतात, तर गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, तवशांचे (मोठ्या काकड्यांचे) वेल पसरतात. या परसासाठी २०२२ च्या पावसाळ्यापासून मी फळमाशीचे कामगंध सापळे वापरत आहे आणि हे परीक्षण त्या सापळ्यांचे आहे. माझे मत आधीच सांगते. सापळा चांगला आहे आणि किमतीच्या मानाने फारच चांगला आहे. परंतु त्यात बसवायची ल्यूर, म्हणजे माशीला वासाने ओढणारे आमिष, दोन प्रकारची असते, हे घेणाऱ्याला माहीत नसेल आणि देणाऱ्याने सांगितले नाही, तर पैशांबरोबर सगळा हंगामही फुकट जातो. माझा पहिला हंगाम तसाच गेला.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीला बांधण्यासाठी घरचे तवसे असावे, हा सासूबाईंचा दरवर्षीचा आग्रह असतो आणि जूनमध्ये टोकलेल्या वेलांना ऑगस्टच्या सुरुवातीला चांगली फळेही धरली होती. त्यातले एक मोठे तवसे कोशिंबिरीसाठी काढले, तेव्हा सालीवर मोहरीएवढा, सुकलेल्या डिंकासारखा एक थेंब दिसला. बाकी फळ हिरवेगार आणि घट्ट होते. विळीवर उभे चिरले, तर त्या थेंबाखालून आत तपकिरी, पाणी सुटलेली वाट गेलेली होती आणि गरात तांदळाच्या कण्यांसारख्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दोन-तीन अळ्यांनी अंगाची कमान करून टुणकन उडी मारली आणि त्या विळीच्या पाटावर पडल्या. “भायरसून बरां दिसता, पण आतसून पुरां कुसलां,” असे म्हणून सासूबाईंनी ते तवसे बाजूला ठेवले. त्या हंगामात वेलांवर मोठी झालेली नऊ तवशी मी मोजली होती. त्यांपैकी सहांना माशी लागली. पडवळे तर कोवळी असतानाच वाकडी होऊन पिवळी पडत होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी एका कृषी सेवा केंद्रात जाऊन मी “फळमाशीचा सापळा” मागितला. पिवळ्या झाकणाची पारदर्शक डबी, तिच्या कडेला माशी आत शिरण्यापुरती भोके, झाकणाच्या आतल्या बाजूने टांगलेली औषधात भिजवलेली ल्यूर आणि वर अडकवायला तार, असा तो साधा संच होता. डबीचे ९० रुपये आणि ल्यूरचे ४५ रुपये घेतले. सापळा कशासाठी हवा आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि मलाही ते सांगायचे सुचले नाही. घरी येऊन मी तो मांडवाच्या मधोमध टांगला. आठ दिवसांत डबीच्या तळाला मूठभर माश्या साचल्या. ते पाहून मला मनापासून समाधान वाटले; पण पडवळे वाकडी होतच राहिली आणि चतुर्थीला माटवीसाठी तवसे बाजारातून आणावे लागले.

चूक कशात होती, ते पुढच्या महिन्यात आमच्या भागातील कृषी सहायकांनी डबी हातात घेताच दाखवले. आत मिथिल युजेनॉलची ल्यूर होती. तिच्या वासाला आंबा, पेरू आणि चिकूवरच्या फळमाशीचे नर येतात. वेलवर्गीय भाज्यांवरची माशी निराळ्या जातीची असून तिच्या नरांना क्यू-ल्यूर नावाची दुसरी ल्यूर लागते. मिथिल युजेनॉलकडे ती फिरकतसुद्धा नाही. म्हणजे डबीत साचलेल्या माश्या आमच्याच पेरूंवरच्या होत्या आणि पडवळावरची माशी त्या डबीशेजारी बसून आपले काम निवांतपणे करीत होती. दोन्ही माश्या शेजारी ठेवल्या की फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. वेलावरची माशी तांबूस असते आणि तिच्या पंखांवर गडद पट्टे व टोकाशी ठळक डाग असतो. आंब्यावरच्या माशीची पाठ काळपट असते आणि तिचे पंख जवळजवळ स्वच्छ असून कडेला बारीक रेघ असते. आता मी दर खेपेस डबी कागदावर उपडी करून आधी पंख पाहते.

दुकानदाराने फसवले, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे आंब्याचे बागायतदार जास्त असल्यामुळे सापळा मागणाऱ्याला आंब्याचीच ल्यूर देण्याची त्यांना सवय झालेली असावी. तरीही वेलांचा हंगाम ऐन भरात असताना ऑगस्टमध्ये सापळा घ्यायला आलेल्या माणसाला “आंब्यासाठी की वेलांसाठी?” एवढे विचारायला हवे होते. संचावरचा मजकूर इंग्रजी व हिंदीत, तोही बारीक अक्षरांत होता आणि ल्यूरच्या पाकिटावर पिकांची नावे नव्हती. परसात भाजी करणाऱ्या बहुतेक बायका मराठी वाचतात. त्यांच्यासाठी पाकिटावर मोठ्या अक्षरांत “आंबा, पेरू, चिकू” किंवा “पडवळ, काकडी, कारले, दोडके” एवढे छापणे काही अवघड नाही.

क्यू-ल्यूर लावल्यानंतरचा अनुभव मात्र समाधानाचा आहे. २०२३ मध्ये वेलांना पहिली फुले दिसताच मी मांडवाच्या दोन टोकांना दोन सापळे टांगले. त्या हंगामात अकरा तवशांपैकी दोनच डागी निघाली. पडवळाचे नुकसान पूर्ण थांबले नाही, पण शेजारी वाटण्याइतकी पडवळे पहिल्यांदाच मिळाली. कारली मी कोकण ताराची आणि शिराळी कोकण हरिताची लावते. या दोन्ही जाती दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या आहेत. माझ्या परसात शिराळ्यांना माशीचा त्रास सर्वांत कमी आणि पडवळांना सर्वांत जास्त होतो.

सापळ्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे त्याचे काम समजून घेतल्याशिवाय ठरवता येत नाही. सापळ्यात फक्त नर अडकतात. फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते ती मादी, आणि ती या वासाला येत नाही. नर कमी झाले की माद्यांची अंडी फळत नाहीत, असा त्यामागचा हिशेब आहे. म्हणून सापळा माशी दिसू लागण्याच्या आधी लावावा लागतो. फळे सडू लागल्यावर लावलेला सापळा भरतो खरा, पण तोवर माद्यांचे काम झालेले असते. शिवाय शेजारच्या परसात मिलन होऊन आलेली मादी आपल्या सापळ्याला मुळीच जुमानत नाही. आमच्या गडग्यापलीकडच्या काकींच्या पेरूखाली पिकलेल्या फळांचा सडा पडलेला असे आणि माझ्या दोन्ही प्रकारच्या डब्या भरूनही पेरूतल्या अळ्या कमी होत नव्हत्या. अखेर काकींना मी एक भरलेली डबी नेऊन दाखवली. आता आमची तीन घरे एकाच वेळी ल्यूर आणतात आणि काकी रोज सकाळी झाडून काढताना गळलेले पेरूही वेचतात. माझ्या पेरूंमधला फरक हा सापळ्यापेक्षा काकींच्या झाडूमुळे अधिक पडला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गळलेल्या फळांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण याशिवाय सापळ्याचे गुणगान अपुरे ठरेल. फळातली अळी पूर्ण वाढली की बाहेर पडून मातीत शिरते, तिथे काही सेंटीमीटर खोलीवर कोषात जाते आणि पावसाळी हवेत आठ-दहा दिवसांत नवी माशी होऊन वर येते. डागी फळ आपण उकिरड्यावर टाकले, तर माशीला आयतेच घर मिळते. आम्ही अशी फळे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधतो आणि आठवडाभर उन्हात ठेवतो. ऊनच नसेल, तर दोन फूट खोल खड्ड्यात पुरतो. आषाढात खड्ड्यात पाणी भरते, तेव्हा माझ्याकडे पिशवीशिवाय दुसरा मार्ग नसतो.

आंब्यासाठी मिथिल युजेनॉलचा सापळा मी मार्चच्या अखेरीस टांगते. कोकण कृषी विद्यापीठाचा स्वतःचा ‘रक्षक’ सापळा आहे आणि आंबा बागेसाठी हेक्टरी ४ सापळ्यांची शिफारस आहे. म्हणजे एक सापळा सुमारे २५ गुंठ्यांना पुरतो, त्यामुळे आमच्यासारख्या परसाला एकच पुरे. पहिल्या वर्षी मी उत्साहाने तीन लावले होते. त्यातले दोन नुसते खर्चाचे होते. मेमध्ये वळवाच्या सरी पडल्यानंतर झाडावर राहिलेल्या आंब्यांना माशी अधिक लागते, आणि तिथे कागदी पिशवीची मला सापळ्यापेक्षा अधिक मदत झाली. फळे अंड्याएवढी झाली की २५ × २० सेंटीमीटरची कागदी पिशवी घालावी, असा विद्यापीठाचा सल्ला आहे. हाताला येणाऱ्या फांद्यांवर मी तसे करते आणि पिशवीतला आंबा डागाविना उतरतो.

ही माशी केवढी मोठी अडचण आहे, हे परसात पाहून कळत नाही. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातील आंब्यांची आयात बंद केली, त्यामागे मालात सापडलेली फळमाशी हे प्रमुख कारण होते. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्या बंदीत आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांचीही नावे होती. वांगी सोडली, तर ती सगळी यादी आमच्या विहिरीच्या आसपास उगवते.

डबीच्या बनावटीत तीन दोष आहेत. पहिला दोष पावसाचा. वाऱ्याबरोबर येणारी झड कडेच्या भोकांतून आत जाते, तळाला पाणी साचते आणि मेलेल्या माश्या कुजून अशी घाण सुटते की डबी उघडताना नाकाला पदर लावावा लागतो. तापवलेल्या सुईने मी तळाला दोन बारीक भोके पाडली आणि डबीवर नारळाच्या करवंटीचे अर्धुक छपरासारखे बसवले. तेव्हापासून आत पाणी साचत नाही. दुसरा दोष मुंग्यांचा. हुमले तारेवरून उतरून मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि डबी रिकामी पाहून सापळा चालत नाही, असा गैरसमज होतो. तारेला बोटभर ग्रीस लावले की मुंग्या येत नाहीत. तिसरा दोष म्हणजे दोन उन्हाळ्यांनंतर झाकणाचे आटे कडक होऊन तडकतात. माझ्या चार डब्यांपैकी दोन अशाच गेल्या.

ल्यूर बदलण्याची मुदत पाकिटावर ४५ दिवस दिली आहे. उन्हाळ्यात ती बरोबर ठरते, पण पावसाळ्यात महिन्याभरातच माश्या येणे कमी होते, असे माझे निरीक्षण आहे. ल्यूरला बहुतेक वेळा मेलाथियॉनसारखे कीटकनाशक लावलेले असते, म्हणून ती हातमोजे घालून बसवावी, मुलांच्या हाताला येईल अशी टांगू नये आणि जुनी ल्यूर चुलीत टाकू नये. दोन प्रकारच्या ल्यूर एकाच डब्यात ठेवू नयेत आणि एकीला लावलेल्या हाताने दुसरीला शिवू नये, कारण वास मिसळला की दोन्हींचा उपयोग कमी होतो. मी एक देवघराबाहेरच्या फडताळात आणि दुसरी पडवीत ठेवते.

तुळशीचा घरगुती उपायही मी करून पाहिला. मिथिल युजेनॉल तुळशीच्या पानांत मुळातच असते आणि चुरगळलेल्या तुळशीवर आंब्यावरच्या माशीचे नर येऊन बसतात, हे मी वृंदावनापाशी पुष्कळदा पाहिले आहे. पाने ठेचून वाटीत ठेवली, तर पहिल्या दिवशी माश्या येतात, दुसऱ्या दिवशी वास उडतो. ४५ रुपयांच्या ल्यूरशी त्याची बरोबरी होत नाही आणि वेलांच्या माशीसाठी तर त्याचा काहीच उपयोग नाही.

वर्षाला मला वेलांसाठी सहा आणि फळझाडांसाठी चार अशा दहा ल्यूर लागतात. म्हणजे डब्या सोडल्या तर ४५० रुपये. नवीन घेणाऱ्याने दुकानात पिकाचे नाव सांगावे, ल्यूरचे नाव बिलावर लिहून घ्यावे, पाकिटाचे सील फोडलेले नाही ना ते पाहावे आणि पावसाळ्यापुरता विचार असेल, तर क्यू-ल्यूरच्या दोन डब्यांवरच थांबावे. डबी मांडवाच्या आत न टांगता कडेला, पानांपासून हातभर दूर आणि कमरेच्या थोडी वर टांगावी. गेल्या चतुर्थीला आमच्या माटवीला बांधलेले तवसे घरचे होते. विसर्जनानंतर सासूबाईंनी ते स्वतः चिरले आणि आतला गर देठापासून शेंड्यापर्यंत पांढराशुभ्र होता.