सिंक आणि बॅकअप : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

घरात माझा डेस्कटॉप आणि पत्नीचा लॅपटॉप असे दोन संगणक असून दोन्हींवर मिळून सुमारे ४०० जीबी साठा आहे. त्यातला बराच भाग छायाचित्रांचा असला, तरी खरी काळजी होती ती वडिलांच्या रोजनिश्यांच्या स्कॅन केलेल्या पानांची, कारण मूळ वह्यांना वाळवी लागली आणि त्या ठेवता आल्या नाहीत. गेल्या वर्षी ऑनलाइन सेवा घ्यायचे ठरले तेव्हा सिंक (दोन्ही संगणकांवरच्या फायली सारख्या ठेवणारी सेवा) पुरेसे आहे, बॅकअपवर (फायलींची वेगळी प्रत जपणाऱ्या सेवेवर) वेगळा खर्च कशाला, असेच मला वाटत होते. शेवटी दोन्ही घेतल्या. आज दोन्हींपैकी एकीचेच पैसे भरता येणार असतील, तर मी ते बॅकअपचे भरेन.

सिंकचे काम चोख होते, याबद्दल तक्रार नाही. डेस्कटॉपवर अर्धवट लिहिलेले पत्र लॅपटॉपवर पुढे लिहिता येई, नातेवाइकांना छायाचित्रांचा दुवा पाठवता येई. परंतु दोन्हीकडे सारखेच राहावे हाच सिंकचा धर्म असल्यामुळे एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. सातव्या महिन्यात आत्याने १९७४च्या रोजनिशीतले एक पान मागितले आणि तो फोल्डर दोन्ही संगणकांवर नसल्याचे लक्षात आले. लॅपटॉपवर जागा कमी पडत होती म्हणून पत्नीने तो दोन महिन्यांपूर्वी काढला होता. डेस्कटॉपवर मूळ प्रत आहेच, असे तिने धरले होते, आणि तसे धरणे स्वाभाविकच आहे. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये किंवा घरगुती वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये पुसलेली फाइल ३० दिवसच राहते. आमच्या सेवेची मुदतही तेवढीच होती आणि ती कधीच उलटून गेली होती.

बॅकअप सेवेत मात्र पुसलेल्या फायली वर्षभर ठेवण्याचा पर्याय मी सुरुवातीलाच निवडलेला होता. तारीख तीन महिने मागे नेली, फोल्डर दिसला, आणि त्या संध्याकाळी सगळी पाने परत आली. म्हणून सेवा निवडताना किती जीबी मिळतात याआधी पुसलेली फाइल किती दिवस राहते, हे विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याच संध्याकाळी दुसरी एक गोष्ट उघड झाली, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. बॅकअपच्या यादीत २०११च्या छायाचित्रांचा फोल्डरच नव्हता. सिंकमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय मी केव्हातरी वापरला होता, त्यामुळे डेस्कटॉपवर फायलींची नावे आणि छोटी चित्रे दिसत असली तरी प्रत्यक्ष फायली फक्त सिंक सेवेच्या सर्व्हरवर होत्या, आणि डिस्कवर जे नाही त्याची प्रत बॅकअप प्रोग्रॅमने घेतली नव्हती. छायाचित्रे सुरक्षित होती. पण ज्या दोन प्रती आहेत असे मी समजत होतो त्यांतली एक अस्तित्वातच नव्हती. आता डेस्कटॉपवरचे सिंकचे सर्व फोल्डर कायम डिस्कवर राहतील अशी व्यवस्था केली आहे.

पहिल्या अपलोडला लागणारा वेळ आधी मोजून ठेवावा. आमच्या जोडणीचा अपलोड वेग १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) आहे, म्हणजे तासाला जेमतेम साडेचार जीबी. रात्रीचे पाच तास धरले तर हिशेबाने अठरा रात्री लागायला हव्या होत्या. वीज आणि इंटरनेट अधूनमधून जात असल्यामुळे प्रत्यक्षात सव्वा महिना लागला. त्यानंतर बदललेलेच तेवढे जात असल्याने काम चालू आहे हे जाणवतही नाही.

दरांची रचनाही नीट पाहावी. बॅकब्लेझची घरगुती बॅकअप सेवा प्रत्येक संगणकामागे एक रक्कम घेते आणि साठ्यावर मर्यादा घालत नाही, पण ती विंडोज आणि मॅकपुरतीच आहे. आयड्राइव्ह ही दुसरी बॅकअप सेवा साठ्यानुसार पैसे घेते आणि त्यात कितीही संगणक जोडता येतात. एकाच संगणकावर प्रचंड साठा असेल तर पहिली पद्धत परवडते, घरात चार लॅपटॉप असतील तर दुसरी. काही सेवा बाहेरची डिस्क ठरावीक दिवसांत जोडली नाही तर तिची प्रत काढून टाकतात, ही अट बारीक अक्षरांत असते. बॅकअपमधल्या फायली कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली, म्हणजे सांकेतिक शब्द, स्वतःकडे ठेवण्याचा पर्याय मी घेतला आहे. ती हरवली तर कंपनीलाही फायली उघडता येत नाहीत, म्हणून ती कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे.

सगळा भार एका कंपनीवर मात्र टाकू नये. क्रॅशप्लॅन या बॅकअप सेवेची घरगुती योजना बंद करण्याचे २०१७ साली जाहीर झाले, तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या ग्राहकांना सगळे अपलोड पुन्हा करावे लागले. त्यामुळे एक यूएसबी डिस्क मी महिन्यातून एकदा जोडतो, प्रत घेतो आणि काढून ठेवतो. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरले तरी न जोडलेल्या डिस्कला ते हात लावू शकत नाही. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून दोन-तीन फोल्डर खरोखर उतरवून, उघडून पाहतो, आणि त्यांत रोजनिश्यांचा एक फोल्डर असतोच.