६०६०१ की ६२३५३? कॉटरी आणि डिफिब्रिलेटरची सेफ्टी टेस्ट कशाने करायची

"कंपनीने ६०६०१ चा रिपोर्ट दिलाय, वर सीईचा (युरोपच्या नियमांचा) स्टिकरही आहे. मग दरवर्षी ६२३५३ च्या नावाने बिल कशाचं?" लहान हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तही आहे. हॉस्पिटलच्या विजेच्या मशीनच्या सुरक्षेची ही दोन्ही मानकं आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचीच आहेत, दोन्हींत गळती करंट (नको तिथून निसटणारा करंट) मोजतात, पण कामं वेगळी.

आयईसी ६०६०१-१ बनवणाऱ्यासाठी आहे. आपल्याकडे तेच आयएस १३४५० या भारतीय मानकाच्या नावाने येतं. गाडीच्या भाषेत सांगायचं तर हे मॉडेलचं अप्रूव्हल. ६२३५३ पहिल्यांदा २००७ साली आलं, दुसरी आवृत्ती २०१४ ची. ते वापरात असलेल्या मशीनसाठी, दुरुस्तीनंतरसाठी. म्हणजे आरटीओचं पासिंग. मॉडेल अप्रूव्ह आहे म्हणून कुणी पासिंग चुकवत नाही.

खरेदीच्या वेळी मात्र ६०६०१ वरच अडून बसा. नुसतं सर्टिफिकेट नको, टेस्ट रिपोर्ट मागा, आणि त्यात मानकाचा त्या मशीनसाठीचा खास भाग आहे का ते पाहा: कॉटरीसाठी (करंटने कापणारं, रक्त थांबवणारं मशीन) २-२, डिफिब्रिलेटरसाठी (हृदयाला शॉक देणारं मशीन) २-४. आवृत्तीही बघा. १९८८ ची दुसरी, २००५ ची तिसरी, तिला २०१२ आणि २०२० च्या दुरुस्त्या. पेशंटला लागणाऱ्या भागाजवळचं चिन्हही वाचायला शिका. चौकटीत माणूस म्हणजे बीएफ, चौकटीत हृदय म्हणजे सीएफ, थेट हृदयाशी लावता येणारं. नेहमीच्या स्थितीत पेशंटमधून जाणारा करंट बीएफला १०० मायक्रोअँपिअर चालतो, सीएफला फक्त १०. घरातला ईएलसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पडतो, म्हणजे सीएफच्या तीन हजारपट! "आमच्या ओटीत ईएलसीबी आहे" हे उत्तर हृदयापर्यंत वायर गेलेल्या पेशंटच्या कामाचं नाही.

आता वार्षिक तपासणी. इथे काही जण ६०६०१ च "जास्त कडक" म्हणून विकतात. मी घेऊ नका म्हणेन. त्या मानकात मेन्स आणि पेशंटमधल्या दुहेरी इन्सुलेशनवर ४००० व्होल्ट एसी मिनिटभर लावतात. कारखान्यात ठीक आहे. पण आठ वर्षं वापरलेल्या कॉटरीवर दरवर्षी हा मारा केला, तर इन्सुलेशन तपासता तपासता तेच कमकुवत होतं. ६२३५३ मध्ये ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन रेझिस्टन्स बघतात, मशीनला इजा नाही.

अर्थिंगचंही तसंच. ६०६०१ किमान २५ अँपिअर सोडायला सांगतं, ६२३५३ ला २०० मिलिअँपिअर पुरतो, आणि वायरसकट मशीनला मर्यादा ०.३ ओहम. कमी करंट म्हणजे कच्ची टेस्ट असं नाही. एका ओटीतल्या कॉटरीचा आकडा ०.१४ आला होता, झकास. रीडिंग चालू असतानाच वायर प्लगच्या मानेशी वाकवली तर आकडा उडून दोन ओहमच्या वर. प्लग उघडला, हिरव्या वायरच्या दोन-तीन तारा शिल्लक होत्या, बाकी तुटलेल्या. वायर वाकवत मोजा असं ६२३५३ सांगतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं.

गळती मोजायच्या पद्धतीत मात्र दर विचारून थांबू नका. 'अल्टरनेटिव्ह' पद्धतीत मशीनचे फेज-न्यूट्रल एकमेकांना जोडून, मशीन मेन्सवर न चालवताच मोजतात. सोपी, आणि हॉस्पिटलचं अर्थिंग कसंही असो, चालते. पण मशीन रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) चालू होत असेल, तर रिलेपुढचा भाग मोजलाच जात नाही. अशा मशीनला डायरेक्ट पद्धत हवी: मशीन चालू, प्लग दोन्ही बाजूंनी फिरवून, क्लास १ ला (अर्थिंगवर अवलंबून असलेल्या मशीनला) मर्यादा ५०० मायक्रोअँपिअर. अल्टरनेटिव्हला हीच मर्यादा १००० असते, म्हणून रिपोर्टवर पद्धत लिहिलेली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि हाय व्होल्टेजचा खरा भाग अर्थिंग आणि गळतीच्या या टेस्टच्या बाहेरच राहतो. कॉटरीचं आउटपुट काही हजार व्होल्टचं, तिची हाय फ्रिक्वेन्सी गळती वेगळी मोजावी लागते: २०० ओहमवर १५० मिलिअँपिअरपर्यंत. डिफिब्रिलेटरचा शॉक ५० ओहमच्या लोडवर सोडून बघायचा, ऊर्जा १५ टक्के किंवा ३ ज्यूल, यांत जे मोठं तेवढ्या फरकात यायला हवी. वार्षिक करारात या दोन ओळी नसतील तर आधी त्या घालून घ्या, दर मग बोला.

एक काम आजच करता येईल. नवं मशीन खोक्यातून निघालं की पहिल्या पेशंटआधी ६२३५३ ने मोजून आकडे फाइलला लावा. अर्थिंग ०.०८ होतं ते दोन वर्षांत ०.१९ झालं, तर मर्यादेत आहे म्हणून सोडू नका, वायर बदला.