डागी चादरींचे पडदे: अशोक चौकाजवळचं बिनपाटीचं दुकान

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल पश्चिमेकडे. मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला की दुपारी तीननंतर तिथे बसायची सोय नाही. मॉलमधून आणलेले पॉलिस्टरचे पडदे दुसऱ्याच उन्हाळ्यात विटले. तेव्हा भावजयीनं अशोक चौकाजवळच्या गल्लीतलं हे दुकान सांगितलं. पाटी नाही. मागून यंत्रमागांची खडखड ऐकू येते, ती खूण.

मागावर धागा तुटला, नक्षी सरकली की जेकॉर्ड चादर (विणीतच नक्षी असलेली) डागी ठरते आणि ठोक व्यापारी ती परत करतो. हे लोक आसपासच्या कारखान्यांतून तो माल उचलतात, डागाचा भाग कापून टाकतात आणि उरलेल्याचे पडदे, लोडांचे अभ्रे, दिवाणाच्या बैठका शिवतात. कापलेल्या चिंध्यांची पायपुसणी होतात. ‘इको’ हा शब्द दुकानात कुठेही चिकटवलेला नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. २००५-०६ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळूनही तेच चाललंय. म्हणून मी दुकानातल्या बाईंना विचारलं, ‘‘अक्का, हे पूर्ण सुती कशावरून?’’ बाईंनी काठाचा एक धागा ओढला आणि काडी लावली. कागद जळाल्यासारखा वास आला, राख चिमटीत भुरभुरली. मग ड्रॉवरमधून बाजारातल्या एका स्वस्त चादरीचा धागा काढून तोही पेटवला. तो आक्रसला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. ‘‘हे खिडकीला लावून काय करताय? उन्हात नुसतं तापतंय.’’

शिवणाऱ्या बहुतेक बायका आधी विड्या वळायच्या. प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर किमतीखाली शिलाईची मजुरी वेगळी लिहिलेली असते: माझा पडदा साडेसहाशेचा, त्यात एकशे दहा शिलाई. घासाघीस करायला तोंड उघडलं की बाई त्या आकड्यावर बोट ठेवतात. ‘‘यातनं कमी करू का?’’ पुढे काय बोलणार!

शिवण मात्र बघण्यासारखी. सोलापुरी चादर दुहेरी विणीची, एका बाजूला मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर पिवळा मोर, तर उलट्या बाजूला पिवळ्यावर मरून रंगाचा. इथे कड अशी दुमडतात की दोन्हीकडून सारखीच दिसते. उन्हाकडची बाजू फिकी पडली की पडदा फिरवून लावायचा.

आता तक्रारी. एका खिडकीचे दोन पडदे हुबेहूब जुळतील ही आशा सोडा. आमच्याकडे एका मोराची मान दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली आहे, आणि सासूबाईंना ती अजून खुपते. मरून रंग पहिल्या धुण्यात सुटतो, हे आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गार पाण्यात वेगळं धुवा. कापड जड, नेहमीचा ॲल्युमिनियमचा रॉड वाकतो, लोखंडी नळीच बसवून घ्या. आणि ‘पुढच्या सोमवारी’ म्हणजे त्याच्या पुढचा सोमवार. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं.

हॉल थंड झाला असं नाही म्हणणार, पण चार वाजता तिथे बसून चहा पिता येतो. बैठकीची मापं देऊन आलेय. दिवाळीला हवं असेल तर नवरात्राच्या आधीच सांगून ठेवा, नंतर बाई ऑर्डर घेत नाहीत.