सांगलीतील चिनी संभाषण वर्ग : मराठीतून शिकवणे उत्तम, छापील टिपणे मात्र इंग्रजीची

सांगलीच्या विश्रामबाग भागात चालणाऱ्या एका खासगी चिनी संभाषण वर्गाचा प्राथमिक अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला असून, ही भाषा शिकण्याच्या विचारात असलेल्या सांगली-मिरज परिसरातील वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा आहे, तासिका शनिवारी व रविवारी सकाळी असतात आणि शुल्क आठ हजार रुपये आहे. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील अभियंते, तासगावकडचे बेदाणा व्यापारी, हळदीच्या अडत दुकानांत काम करणारे तरुण आणि महाविद्यालयातील मुले-मुली असे सर्व प्रकारचे विद्यार्थी आमच्या तुकडीत होते. शिक्षिका याच जिल्ह्यातील असून काही वर्षे चीनमध्ये राहून आल्या आहेत. माझे मत आधीच नोंदवतो : हा वर्ग जेथे मराठीच्या आधाराने शिकवतो तेथे तो फार चांगला आहे आणि जेथे इंग्रजीच्या वाटेने जातो तेथे विद्यार्थी विनाकारण अडखळतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण उच्चारांचे आहे. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पिनयिन ही पद्धत चीनने 1958 मध्ये स्वीकारली आणि आज जगभरातील विद्यार्थी तिच्यातूनच भाषेत शिरतात. परंतु त्या रोमन अक्षरांना इंग्रजीतील ध्वनी जोडले की पहिल्याच दिवसापासून उच्चार बिघडतो. चिनीत आपल्या ‘ब’, ‘द’, ‘ग’सारखे घोष स्फोटक ध्वनी नाहीत. तेथील भेद ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ यांमधला, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण यांमधला आहे, आणि हा भेद मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच बोलत असते. म्हणून ज्या राजधानीला आपण बीजिंग म्हणतो तिचा उच्चार ‘पेय्चिंग’च्या जवळ जातो आणि बेदाण्याचा शब्द ‘फूथाव कान’ असा होतो. ‘चाक’मधला दंत्य ‘च’ आणि ‘चार’मधला तालव्य ‘च’ हे दोन्ही मराठीत असल्यामुळे, इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत पानेच्या पाने घेणारा आणखी एक भेद शिक्षिकांनी फळ्यावर दोन शब्द लिहून समजावला. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणताना निघणारा स्वर आपल्याकडे नाही, त्याला मेहनत घ्यावीच लागते. पण ज्याला मेहनत लागते ते आणि जे आयते आपल्याजवळ आहे ते, हे पहिल्याच आठवड्यात वेगळे करून दाखवणारा शिक्षक विद्यार्थ्याचा पुष्कळ वेळ वाचवतो.

स्वराघातांवर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढउतारांवर, मात्र याहून अधिक वेळ द्यायला हवा होता. चिनीत चार स्वराघात आहेत, शिवाय एक हलका, आघातविरहित उच्चार आहे : पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खालच्या पट्टीत राहणारा आणि चौथा झटक्याने उतरणारा. हे केवळ शोभेचे नाहीत, याची खरी जाणीव एका रविवारी सौद्याच्या सरावात झाली. दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने हळद विकायची होती आणि दुसऱ्याने घ्यायची होती. ‘माय’ हा शब्द तिसऱ्या स्वराघातात उच्चारला तर त्याचा अर्थ विकत घेणे, चौथ्यात उच्चारला तर विकणे. घेणाऱ्याने प्रत्येक वेळी तो उतरत्या स्वरात म्हटला, त्यामुळे दोघेही हळद विकायला बसले आणि सौदा पुढे सरकेना. शिक्षिकांनी दोघांना थांबवून तळहात खाली ठेवून एकदा आणि तळहात वरून खाली आणून एकदा, असा तो शब्द पुनःपुन्हा म्हणायला लावला, आणि मग त्या दोन शब्दांची अक्षरे लिहून दाखवली : सरळीकृत, म्हणजे चीनमध्ये आज वापरल्या जाणाऱ्या सोप्या केलेल्या लिपीत विकण्याचे अक्षर म्हणजे घेण्याचेच अक्षर, फक्त माथ्यावर दहाचे चिन्ह अधिक. दोन तिसरे स्वराघात लागोपाठ आले तर पहिला चढता होतो, ‘नी हाव’ या साध्या अभिवादनातही हेच घडते, हा नियमही त्यांनी त्याच दिवशी सांगितला. असे सराव दर आठवड्याला हवे होते. अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात ते जवळजवळ बंद झाले आणि त्याचा परिणाम सर्वांच्याच बोलण्यात ऐकू येऊ लागला.

व्याकरणात मराठी माणसाला किती आधार आहे हे पाहून मी सुखावलो. कर्ता, क्रियापद आणि मग कर्म हा क्रम आपल्याहून वेगळा आहे, तो सवयीने बसतो. मात्र ‘मी काल घेतलेले पुस्तक’ या मराठी रचनेत शब्द जसे येतात तसेच ते ‘वो च्वोथ्येन माय त षू’ या चिनी रचनेत येतात : संपूर्ण विशेषण नामाच्या आधी आणि मध्ये जोडणारा छोटा ‘त’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य उलटे वाटते, आपल्याला नाही. वेळदर्शक शब्द क्रियापदाआधी घेण्याची सवयही आपल्याला आहेच. ‘ल’ या प्रत्ययाबाबत तर शिक्षिकांनी फार नेमके उदाहरण दिले. इंग्रजी पुस्तकांतून शिकणारे पुष्कळ जण त्याला भूतकाळाचे चिन्ह समजतात. पण वाक्याच्या शेवटी येणारा ‘ल’ परिस्थिती बदलली एवढेच सांगतो. बाहेर थेंब पडू लागताच आपण ‘पाऊस आला’ म्हणतो, तेव्हा तो पडतच असतो. चिनी माणूसही त्याच क्षणी ‘श्या यू ल’ म्हणतो. ‘जात नाही’ आणि ‘गेलो नाही’ यांसाठी तेथे ‘पू’ आणि ‘मेय’ हे दोन वेगळे नकार लागतात, तेही याच पद्धतीने चटकन लक्षात राहिले. पुस्तकांसाठी, कागदांसाठी, लांबट वस्तूंसाठी लागणारे वेगवेगळे मापशब्द, म्हणजे संख्या आणि नाम यांच्या मध्ये येणारे शब्द, मात्र पाठच करावे लागतात.

व्यापाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचा भाग संख्या आणि भाव यांचा होता. चिनीत दहा हजाराला ‘वान’ हे स्वतंत्र एकक आहे. त्यामुळे एक लाख म्हणजे दहा वान, अडीच लाख म्हणजे पंचवीस वान आणि एक कोटी म्हणजे एक हजार वान. लाख-कोटीत विचार करणाऱ्याने मध्ये इंग्रजी हजार-दशलक्ष आणले तर दोनदा गुणाकार करावा लागतो. चीनच्या बाजारात ‘चिन’ हे वजन 500 ग्रॅमचे असते, म्हणून चिनचा भाव किलोचा समजून कोणी होकार दिला तर हिशेब निम्म्याने चुकतो. सवलतीची भाषाही उलटी आहे : ‘ता पा च’ म्हणजे आठ टक्के सूट नव्हे, तर मूळ किमतीच्या 80 टक्के रक्कम द्यायची, म्हणजे सूट 20 टक्क्यांची. या तीन गोष्टींसाठीच बेदाणा व्यापाऱ्यांनी वहीत स्वतंत्र पाने राखून ठेवली होती, आणि ते योग्यच होते.

आता तक्रार. वर्गात शिक्षिका जे मराठीत सुंदर समजावतात ते हातात मिळणाऱ्या छापील टिपणांत कोठेच नाही. टिपणे इंग्रजीत आहेत, उच्चारांच्या सूचना इंग्रजी शब्दांच्या आधाराने दिल्या आहेत, आणि शब्दसंग्रहात हिमवर्षाव व चॉपस्टिक आहेत, पण हळद, बेदाणा, ऊस, यंत्राचा सुटा भाग यांपैकी एकही शब्द नाही. घरी टिपणे उघडली की वर्गात सुधारलेला उच्चार पुन्हा इंग्रजीकडे झुकतो. ज्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे अशा विद्यार्थ्यांवर तर एकाच वेळी दोन परक्या भाषांचे ओझे पडते. ऐकण्याच्या सरावासाठी ध्वनिफिती देण्याचे पहिल्या दिवशी सांगितले गेले होते, त्या शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत. कार्यालयाकडे विचारणा केल्यावर प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्याचा वायदा मिळाला. ही बाब मला गंभीर वाटते, कारण कानावर भाषा पडल्याशिवाय स्वराघात स्थिर होत नाहीत.

एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीबाबतही सावध राहावे. पहिल्या पातळीसाठी अनेक वर्षे 150 शब्द अपेक्षित होते आणि 200 पैकी 120 गुणांना उत्तीर्ण मानले जाई; 2021 मध्ये जाहीर झालेल्या नऊ पातळ्यांच्या मानकाने पहिल्याच पातळीला 500 शब्द ठेवले. वर्गाची टिपणे अजून जुन्या यादीवर उभी आहेत. पहिल्या पातळीच्या परीक्षेत ऐकणे आणि वाचणे तपासले जाते, बोलण्याची परीक्षा स्वतंत्र असते, हेही प्रवेश घेतानाच सांगायला हवे. केवळ प्रमाणपत्रासाठी येणाऱ्याने कोणत्या अभ्यासक्रमानुसार तयारी करून घेणार, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

बोलता यावे, भाव ठरवता यावा, यंत्र बसवायला आलेल्या चिनी तंत्रज्ञाशी दोन वाक्ये बोलता यावीत, यासाठी मात्र मी हा वर्ग निःसंकोच सुचवेन. प्रवेश घेतल्यास पुढच्या ओळीत बसावे, शिक्षिकांची मराठी स्पष्टीकरणे शब्दशः वहीत उतरवून घ्यावीत आणि ध्वनिफिती हातात आल्यावरच शुल्काचा दुसरा हप्ता भरावा. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून, टिपणे मराठीत करून देण्याची मागणी आम्ही विद्यार्थ्यांनी सह्यांनिशी कार्यालयात दिली आहे.