वेब डिझाइनसाठी बीसीए की बी.डेस.?

बीसीए ही संगणकाची पदवी, बी.डेस. ही डिझाइनची. दोन्हीकडच्या माहितीपत्रकांत 'वेब' आणि 'डिजिटल' हे शब्द ठळक छापलेले असतात, पण आतला अभ्यास फार वेगळा आहे. एकच काम दोघांना दिलं की फरक कळतो. समजा, मराठी बातम्यांचं एक पान करायचं आहे. मोबाइलवर मथळा दोन ओळींत मोडला की वरच्या ओळीतला 'पू'चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर किंवा रफारावर आदळतो. कारण ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या हिशेबानं अक्षराच्या आकाराच्या 1.2 पट ठेवलेलं असतं. देवनागरीला 1.5 पटीच्या आसपास लागतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटते. बी.डेस.च्या विद्यार्थ्याला हे पाहताक्षणी खुपतं, पण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, नेमकं कुठे हात घालायचा, इथे तो अडतो. बीसीएवाला ते एका ओळीत दुरुस्त करेल; त्याच्या नजरेला मात्र ते आधी पडायला हवं.

बीसीए तीन वर्षांचं, नव्या धोरणानुसार चौथं ऑनर्स वर्ष ऐच्छिक. सी, डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस, नेटवर्किंग यांतच बराच वेळ जातो. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण 30 तास. दोन क्रेडिटचा वेबचा विषय असेल तर 60 तासांत एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि वर थोडं पीएचपी कोंबलेलं असतं. जर्नल पूर्ण झालं, सही मिळाली की विषय संपतो. प्रोजेक्ट अनेकदा लोकलहोस्टवरच, म्हणजे स्वतःच्याच संगणकावर राहतो, म्हणून खऱ्या सर्व्हरवर काय काय बिघडतं ते कळतच नाही.

बी.डेस. चार वर्षांचं. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी पायाभरणीचं: रेखाटन, रंग, आकार, साहित्य. वेबसाठी आलेली मुलं इथे वैतागतात, पण खरी कमाई इथलीच आणि पुढच्या क्रिटची, म्हणजे कामाच्या खुल्या समीक्षेची असते. भिंतीवर काम लावायचं आणि 'हे बटण इथे का?' याचं उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं. उणीव अशी की काम फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोटोटाइपवरच (नमुन्यावरच) थांबतं. तिथे प्रत्येक नाव आटोपशीर, प्रत्येक फोटो सुबक. खऱ्या पानावर लांबलचक आडनाव येतं, यादी रिकामी असते, नेटवर्क रखडतं, आणि मांडणी कोसळते.

प्रवेशाचं वेळापत्रक नीट बघा. बी.डेस.साठीची यूसीड ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत. फॉर्म साधारण ऑक्टोबरमध्ये निघतात, म्हणजे बारावीच्या निकालानंतर जाग आली तर वर्ष गेलंच. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. एक भाग संगणकावर, दुसरा कागदावर चित्र काढण्याचा. बीसीएसाठी 2024 पासून राज्याची सीईटी आहे. शुल्काचं म्हणाल तर खासगी संस्थांत बी.डेस. सहसा खूपच महाग पडतं. शिवाय व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशन करायचं तर 16 जीबी रॅम धरून चला. कोडिंगला 8 जीबीत भागतं.

पुढच्या शिक्षणाचं गणितही दोन्हीकडे सारखं नाही. बीसीएनंतर एमसीए आहेच, शिवाय सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस.कडेही (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीकडेही) वळता येतं, कारण त्या परीक्षेला तीन वर्षांची पदवी चालते. उलट बी.डेस. झालेल्याला बारावीला किंवा पदवीला गणित नसेल तर एमसीएसाठी अडचण येऊ शकते.

म्हणून आमचा कल असा: सरकारी संस्थेत जागा मिळत असेल आणि चित्र काढायचा कंटाळा नसेल तर बी.डेस. घ्यावं. कोड घरी बसून शिकता येतो, क्रिट एकट्यानं होत नाही. कर्ज काढून साधारण खासगी संस्थेत जाण्यापेक्षा मात्र बीसीए आणि सोबत रोज तासभर टायपोग्राफी-मांडणीचा सराव हेच बरं.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन शेवटच्या वर्षाच्या तीन प्रोजेक्टच्या लिंक मागा आणि स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा. मराठी मजकूर असेल तर मथळे बघा, फॉर्म रिकामा पाठवून बघा. लिंकऐवजी पीडीएफ हातात ठेवली, तर दुसरं कॉलेज बघा.