आठ खांब, चार कमानी: पॅरिसच्या तेआत्र दे शाँज-एलिझेमधली एक संध्याकाळ

मी कोल्हापुरात गेली एकतीस वर्षं आर.सी.सी. (सळया घातलेलं काँक्रीट) डिझाइन करते. घरं, शाळा, पाण्याच्या टाक्या, दोन मंगल कार्यालयं. मुलाकडे पॅरिसला गेले तेव्हा आयफेल टॉवरच्याही आधी मला हे थिएटर बघायचं होतं. कॉलेजात शिकताना आर.सी.सी.च्या इतिहासात याचं नाव भेटलं होतं, तेव्हापासून ते मनात घर करून होतं.

पत्ता आधी सांगते, कारण नावावरून फसायला होतं. थिएटर शाँज-एलिझे रस्त्यावर नाही, माँतेन मार्गावर १५ नंबरला आहे. गाब्रिएल आस्त्रूक या संगीत कार्यक्रमांच्या आयोजकाला ते त्या प्रसिद्ध रस्त्यालगत बांधायचं होतं. तिथे परवानगी मिळाली नाही, जागा बदलली, नाव तेच राहिलं. मेट्रोची नऊ नंबरची लाईन घ्या आणि आल्मा-मार्सो स्टेशनला उतरा.

उतरल्यावर लगेच थिएटरकडे वळू नका. आधी आल्मा पुलाशी जाऊन तिथला दगडी सैनिक बघा. आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो ना, तसं पॅरिसकर सेन नदी चढली की या पुतळ्याच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात. १९१० च्या महापुरात ते त्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं. त्यानंतर पुढच्याच वर्षी, नदीपासून चार पावलांवर, या थिएटरचं काम सुरू झालं. जमीन ओली, खाली पाणी, आणि वर जवळपास १९०० माणसांचं सभागृह. शिवाय त्याच इमारतीत आणखी दोन छोटी नाट्यगृहं. प्लॉट ३७ मीटर रुंद आणि ९५ मीटर लांब. पंचगंगेच्या काठाला काम करणारा कुणीही इंजिनिअर इथे कपाळावर हात मारेल. उत्तर काय काढलं, तर सगळ्या इमारतीखाली एकच काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे पायाची सलग जाड लादी, टाकला. आज आम्ही तेच करतो, पण आमच्या हाताशी कॉम्प्युटर आहे आणि आय.एस. कोड, म्हणजे बांधकामाचे भारतीय मानक नियम, आहेत.

डिझाइन कुणाचं, यावर तेव्हा मोठा वाद झाला. बेल्जियमचे आर्किटेक्ट आँरी व्हान द व्हेल्द यांनी आराखडे केले होते. काँक्रीटच्या कामासाठी पेरे बंधूंना बोलावलं. ऑग्युस्त पेरे हे आर्किटेक्टही होते आणि घरचा धंदा बांधकामाच्या ठेकेदारीचा. सांगाडा कसा उभा राहील हे ठरवता ठरवता पेरेंनी सगळा आराखडाच हातात घेतला आणि व्हान द व्हेल्द बाहेर पडले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण आत जाऊन वर बघितल्यावर माझा कौल पेरेंनाच.

सभागृह गोल आहे. त्याच्याभोवती आठ मुख्य खांब, दोन-दोनच्या चार जोड्या. वर काँक्रीटच्याच चार धनुष्याकृती कमानी. सगळा डोलारा या हाडांवर तोललेला आहे. सज्जे कॅन्टिलिव्हर, म्हणजे मागून धरलेले आणि पुढे मोकळे. सज्ज्याच्या टोकाखाली खांब नाही, त्यामुळे खाली बसलेल्याच्या डोळ्यांसमोर काही आडवं येत नाही. जुन्या नाट्यगृहांत खांबामागची खुर्ची नशिबी आली की काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला याची किंमत कळेल.

कॅन्टिलिव्हरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मी त्या सज्ज्याखाली मान वर करून बराच वेळ उभी होते. साध्या स्लॅबला सळई खालच्या अंगाला लागते. कॅन्टिलिव्हरला ती वरच्या अंगाला हवी, कारण ताण वर येतो. साइटवर काँक्रीट ओतताना माणसं त्याच सळईवर पाय देऊन चालतात आणि ती दबून खाली जाते. म्हणून खाली चेअर, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे टेकू, लावायच्या आणि भरणी संपेपर्यंत समोर उभं राहायचं. माझ्या सुरुवातीच्या एका कामावर मी जेवायला गेले आणि तेवढ्यात बाल्कनीची भरणी उरकली. सेंट्रिंग काढलं आणि भिंतीलगत वरून केसाएवढी चीर दिसली. बाल्कनी तोडून पुन्हा केली. ते दुपारचं जेवण मी आजतागायत विसरलेले नाही. आणि इथे १९१३ सालचे सज्जे, शेकडो माणसांचं ओझं रोज संध्याकाळी उचलतायत. त्या सळया ज्यांनी बांधल्या आणि भरणीच्या वेळी ज्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला, त्यांना मी तिथेच मनोमन हात जोडले.

दर्शनी बाजू मात्र मला अर्धीच पटली. पांढरा संगमरवर, त्यावर आंत्वान बूर्देल यांची उठावशिल्पं. वर अपोलो आणि त्याच्याकडे धावत येणाऱ्या कलादेवता, खाली नृत्य, संगीत, शोकांतिका वगैरे. नृत्याच्या शिल्पात इसाडोरा डंकन आणि निजिन्स्की हे त्या काळचे नामवंत नर्तक आहेत, दोघांच्या माना अशा कलल्यात की दगड वाकवलाय असं वाटतं. शिल्पं फार सुंदर. पण ज्या काँक्रीटने हे सगळं उभं केलं, त्याला पाहुण्यांसमोर येऊ दिलेलं नाही. बाजूने आणि मागून बघा, तिथे सांगाडा उघडा आहे, मधे विटांचं काम. मला ती बाजू जास्त आवडली. प्रवेशदालनातही खांब आणि त्यांच्यावरचे बीम एका रेषेत सरळ वाचता येतात. कुठला भार कुठून उतरतोय ते बोटाने दाखवता येतं.

थिएटर उघडलं २ एप्रिल १९१३ ला. दोन महिन्यांच्या आत, २९ मे रोजी, संगीतकार स्त्राविन्स्कीच्या ‘वसंतविधी’ या बॅलेच्या पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकांत असा गदारोळ झाला की नाचणाऱ्यांना वाद्यवृंद ऐकू येईना. नृत्य बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून ओरडून मात्रा मोजत होता. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला जास्त जवळची वाटते ती १९३१ ची. त्या वर्षी मार्चमध्ये नर्तक उदय शंकर यांच्या मंडळींनी याच रंगमंचावर कार्यक्रम केला. वादकांत विष्णुदास शिराळी होते, विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. दहा-अकरा वर्षांचा रवी शंकरही त्या मंडळींबरोबर पॅरिसमध्ये होता. पलुस्करांची तालीम या घुमटाखाली वाजली, हे आठवून माझ्या अंगावर काटा आला.

मी गेले त्या दिवशी मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. आवाज स्वच्छ येतो, व्हायोलिनचा अगदी हलका सूरही वरच्या मजल्यापर्यंत पोचला. पण मध्यंतरात मी बसून राहिले ते दुसऱ्याच कारणाने. ज्या वर्षी हे थिएटर उघडलं, त्याच १९१३ मध्ये शाहू महाराजांनी आमच्या पॅलेस थिएटरचं काम सुरू केलं. पुढे त्याचं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. माझ्या आईने मला पहिलं संगीत नाटक तिथेच दाखवलं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. मी घराच्या गच्चीवरून धूर बघितला. लाकडी नाट्यगृहांच्या आगी पॅरिसनेही भोगल्यात, १८८७ मध्ये ऑपेरा-कॉमिक जळालं तेव्हा ऐंशीवर माणसं गेली. काँक्रीट आगीला दाद देत नाही, हा पेरेंच्या काळात त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा होता. समवयस्क दोन थिएटरं, एकाचे दिवे आता परत मंद होत होते आणि वादक जागेवर येत होते. मुलाने काही न बोलता माझा हात धरला.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या संगमरवरासाठी कापला.

जाणार असाल तर एवढं करा. सभागृह गोल आहे, म्हणून अगदी कडेच्या जागांवरून रंगमंच तिरका दिसणार. तिकीट काढताना नकाशा बघून मधली जागा घ्या, वरच्या मजल्यावरची असली तरी चालेल, उलट बरंच. दारं उघडली की लगेच आत जा. घुमटाभोवती मोरीस दनी यांनी रंगवलेला संगीताचा इतिहास आहे, त्याकडे नजर जाईलच. पण मग हळूहळू खाली या आणि खांबांच्या जोड्या शोधा. चार सापडल्या पाहिजेत.